मास्तरांची मुद्रा

आमचे योगाचे मास्तर डोळे मिटून शिकवायचे. प्रार्थनेपुरते नव्हे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पहाटे साडेपाचला कारापूरच्या देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, ते चटईवर येऊन बसत, मान डाव्या खांद्याकडे किंचित कललेली, आणि एकदा डोळे मिटले की ते पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजेपर्यंत उघडत नसत. आसन स्वतः करून दाखवत, तेही डोळे मिटूनच. समोर आम्ही सतरा जणं काय गोंधळ घालतोय ते त्यांना दिसत नसे. "डोळे उघडे ठेवलंय तर तुमचे कपडे दिसतत," ते म्हणत, "श्वास दिसना नाय."

श्वास मात्र त्यांना सतराच्या सतरा जणांचे वेगवेगळे ऐकू येत. एकदा मला पाहायला आलेल्या मंडळींनी नकार कळवला होता. मला वाईट वाटलंय हे मी घरात कोणाला कळू दिलं नव्हतं, स्वतःलाही फारसं कळू दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी मागच्या रांगेत जाऊन बसले. थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, "खांबाकडे कोण असा, तेचो श्वास घशात अडाकता. आज तेणी काय करू नये. नुसता पडान ऱ्हवा." मी आडवी झाले आणि पदर तोंडावर घेऊन रडले. भोंपू वाजल्यावर सगळे उठून गेले, मास्तरही गेले, कोणी काही विचारलं नाही.

मास्तर मूळचे गोव्याच्या सीमेपलीकडचे, तेरेखोल नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावातले. तरुणपणी आंबोलीच्या बाजूला कोणा साधूजवळ सात वर्षं राहिले, तिथे हे सगळं शिकले. मग साधू वारला आणि पोटासाठी हे आमच्याकडे आले, खाणींवर. मी पाहिले तेव्हा ते मालवाहू ट्रकांच्या एका गॅरेजवर राखणदार होते. रात्रभर तिथे बसायचं आणि पहाटे आंघोळ करून अग्रशाळेत यायचं. अंगावर पांढरं धोतर असायचं आणि त्याच्या काठाला खाणीची तांबडी माती, कितीही धुतली तरी न जाणारी.

त्यांच्या शिकवण्यात मला संगती लागली असं कधी झालं नाही. मी बारावी शिकलेली, मला वही लागते. वहीत एके दिवशी लिहिलेलं असायचं, "रिकाम्या पोटीच." चार दिवसांनी, "चक्कर येत असेल त्याने पेज पिऊन यावं." शेजारच्या सुमनवहिनींना शीर्षासन जन्मात करायचं नाही म्हणून बजावलं, आणि त्यांच्याहून वयाने मोठ्या भिकूकाकांना रोज करायला लावलं. हठयोगाच्या एका जुन्या पोथीत मासे वर्ज्य आहेत असं मी वाचलं आणि मोठ्या उत्साहाने मास्तरांना सांगितलं. मास्तर सोमवार सोडून रोज मासे खात. ते शांतपणे म्हणाले, "लिवणाऱ्याच्या गावात न्हय नसतली." न्हय म्हणजे नदी. मी तेही वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्या वहीत प्रश्नचिन्हंच जास्त होती.

ते दिवस गोवा राज्य होण्याच्या आगेमागेचे. कोकणी की मराठी यावरून घराघरांत वाजत होतं. आमच्या वर्गात भिकूकाका मराठीवाले आणि शाळेचे शिपाई पांडूकाका कोकणीवाले. दोघे एकेकाळचे जिवलग, आता एकमेकांच्या चटईपासून चार हात लांब बसत. मास्तरांनी एक दिवस दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं. "एकान श्वास घेतलो काय दुसऱ्यान सोडूचो," म्हणाले. पंधरा दिवस ते दोघे तसे बसले, आणि बोलले अक्षरही नाहीत. समेट झाला म्हणावं तर झाला नाही, नाही म्हणावं तर एकाला खोकला आला की दुसरा आपोआप थांबू लागला. याला काय म्हणायचं ते मला आजही सांगता येणार नाही.

पण या सगळ्या गोंधळात एका गोष्टीबद्दल आमच्या कोणाच्याच मनात शंका नव्हती, ती म्हणजे मास्तरांची मुद्रा. ध्यानाला बसताना लोक अंगठा आणि तर्जनी जुळवतात आणि उरलेली तीन बोटं सरळ ठेवतात. मास्तरांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळलेली असत, तळव्याला टेकलेली. नाडीशोधनाला, म्हणजे एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडायला, ते डावा हात वापरत. आम्ही पाहून पाहून तसंच करायला लागलो. शिवाय बाजारात, रस्त्यात, देवळात, कुठेही भेटले तरी त्यांची ती दोन बोटं आत वळलेलीच. सुमनवहिनी हात जोडून म्हणायच्या, "नारळाची पिशवी धरतात तरी मुद्रा मोडत नाही. याला म्हणतात सिद्धी." मग प्रत्येकाने आपापलं कारण शोधलं. भिकूकाका म्हणत, दोन बोटं म्हणजे देह आणि अहंकार, ते दुमडायचे असतात. डाव्या हाताचं कारण मी शोधलं होतं. डावी बाजू चंद्राची, हृदय डावीकडे, म्हणून. मास्तरांना विचारावं असं कोणाला वाटलं नाही. जे दिसतंय ते काय विचारायचं?

अशी आठ वर्षं गेली. मी सव्वीसची झाले. लग्नाचं जमत नव्हतं, वडील अंथरुणाला खिळले होते आणि घर भावाच्या मर्जीवर चाललं होतं. वहिनीने मला ताटात दुसऱ्यांदा भात वाढणं बंद केलं होतं; बोलून नव्हे, नुसता भाताचा डाव लांब ठेवून. अशात पेडण्याकडच्या एका हायस्कुलात योगशिक्षिकेची जागा निघाली. मला दुसरं काही येत नव्हतं. हेच एक येत होतं, आणि हे मला चांगलं येतं अशी माझी खात्री होती.

मुलाखतीला पणजीला गेले. समोर तिघे होते. त्यांतले एक बाहेरून बोलावलेले म्हातारे जाणकार, फार मृदू बोलणारे. आसनं पाहून ते खूश झाले. मग म्हणाले, नाडीशोधन करा. मी डावा हात नाकाशी नेला, उजवा गुडघ्यावर ठेवला, दोन बोटं वळवली. त्यांनी विचारलं, "डावा हात का?" मी माझं चंद्राचं आणि हृदयाचं व्याख्यान दिलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "हे कुठल्या ग्रंथात आहे?" मी म्हटलं, आमच्या गुरूंची परंपरा आहे. "आणि ही बोटं?" मी देह आणि अहंकार सांगितला. ते थोडा वेळ माझ्या हाताकडे पाहत राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मुली, तुझ्या गुरूंच्या उजव्या हाताला काही झालंय का गं?"

मी रागाने नाही म्हटलं. जागा मिळाली नाही हे तिथेच कळलं.

परतीच्या बसमध्ये मात्र एकेक गोष्ट आठवायला लागली. मास्तर प्रसादाचा भात चमच्याने खात. घंटा डाव्या हाताने वाजवत. नमस्कार करताना उजवा पंजा डाव्याच्या आड लपवत. आठ वर्षं मी हे पाहत होते आणि पाहत नव्हते. डिचोली येईपर्यंत मला मास्तरांचा इतका राग आला होता की घरी न जाता मी थेट गॅरेजवर गेले.

ते बाकावर बसून पेज पीत होते. मी विचारलं, "मास्तर, तुमच्या हाताला काय झालं?"

त्यांनी हात पुढे केला. "ह्या? ट्रकाचो मागचो फाळको पडलो हातार. क्लीनर होतंय तेव्हा. शिरा तुटल्यो, मगे बोटा सरळ होनत नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कित्याक गो बाय? तुका काय वाटला?"

"मुद्रा," मी म्हटलं.

मास्तर हसले. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं, पेज सांडली. मी हसत नाही हे पाहून ते थांबले. मी मुलाखतीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तू एकटीच करतंस तसा?"

"सगळी करतात."

"सगळी?"

"सतराही. मास्तर, तुम्ही सांगितलं का नाही कधी?"

"माझ्या मोडक्या हाताचा तुमका काय सांगू?" ते म्हणाले, आणि तो हात त्यांनी धोतराच्या सोग्यात घातला. माझा राग तिथेच विरला आणि त्याच्या जागी काय आलं ते मला कळेना. वाटीतली उरलेली पेज त्यांनी प्यायली नाही.

दुसऱ्या पहाटे ते चटईवर बसले आणि म्हणाले, "बसा. हात ठेवा." आम्ही डोळे मिटले. बराच वेळ काही सूचना आली नाही म्हणून मी डोळे किलकिले केले. मास्तर डोळे उघडून आमच्याकडे बघत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत होते. सतरा गुडघ्यांवर सतरा उजवे हात, आणि प्रत्येक हाताची दोन बोटं आत वळलेली.

ते उठले आणि पहिल्या रांगेत भिकूकाकांसमोर उकिडवे बसले. आपल्या चांगल्या हाताने त्यांनी काकांची दोन बोटं एकेक करून सरळ केली आणि म्हणाले, "माझा चुकला." मग सुमनवहिनींची. "माझा चुकला." वहिनींनी बोटं पुन्हा वळवली, त्यांना वाटलं मास्तर परीक्षा घेताहेत. त्यांनी पुन्हा सरळ केली. असे ते सतरा जणांसमोर बसले आणि सतरा वेळा तेच म्हणाले. माझ्यापाशी आले तेव्हा माझी बोटं सरळ राहीनात. ते धरत तोवर सरळ, सोडली की आत. तिसऱ्यांदा मास्तरांनी ती नुसती हातात धरून ठेवली. भोंपू वाजला तरी कोणी उठलं नाही.

त्यानंतर मास्तर डोळे उघडे ठेवून शिकवायला लागले. कोणाचा गुडघा, कोणाचा खांदा, कोणाची कंबर, एकेक दुरुस्त करत. पण श्वास त्यांना ऐकू येईनासा झाला. पांडूकाका एकदा ताप अंगात घेऊन आले आणि मास्तरांच्या लक्षातही आलं नाही. वर्गही गळू लागला. सुमनवहिनी मला रस्त्यात म्हणाल्या, "परीक्षेक गेलें तूं आनी मोडले आमचे देव." त्यांचं खोटं नव्हतं. मी विचारलं नसतं तर काय बिघडलं असतं, आणि विचारलं नसतं तर मी आणखी किती वर्षं एका अपघाताची उपासना केली असती, या दोन प्रश्नांच्या मध्ये मी कितीतरी दिवस लोंबकळत होते.

गणपतीला मास्तर गावी गेले ते परत आले नाहीत. जाण्याआधी मला म्हणाले, "परत जा मुलाखतीक. उजव्या हातान कर." आंबोलीच्या साधूने शिकवलेला उजव्या हाताचा प्राणायाम त्यांनी मला तोंडाने सांगून सांगून आठवडाभर करून घेतला. स्वतः करून दाखवू शकत नव्हते. त्या आठवड्यात त्यांनी डोळे मिटले होते, आणि मी चुकले की त्यांना ऐकू येत होतं. पुढल्या वर्षी ती जागा पुन्हा निघाली आणि मला मिळाली. मास्तर बहिणीच्या घरी वारल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं, हायस्कुलाजवळच्या पार्से बाजारात, त्यांच्या गावचा एक माणूस काजू घेऊन आला होता त्याच्याकडून. मी भाजी तिथेच ठेवली आणि बसस्टॉपवर जाऊन बसले. दोन बस गेल्या.

हायस्कुलात मी फार काटेकोर शिकवलं. हात उजवा, बोटं सरळ, डोळे उघडे. माझं काही मुलींना चिकटू नये म्हणून जपत होते. पाचव्या वर्षी स्नेहसंमेलनाला योगाचा फोटो काढायचं ठरलं. तीस मुली पद्मासनात, पुढे मध्यभागी मी. फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून पाहिलं, मग डोकं वर काढून म्हणाला, "बाई, मुलींना माना सरळ करायला सांगा. सगळ्या कललेल्या आहेत."

मी मागे वळून पाहिलं. तीस माना डाव्या खांद्याकडे किंचित कललेल्या.

"आणि बाई," तो म्हणाला, "तुमची पण."

मास्तरांनी आमची बोटं सरळ केली होती. मानेकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं, कारण श्वास ऐकताना आपली मान कलते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ही मान सरळ करावी की ठेवावी, मला समजेना. मास्तरांचं माझ्यापाशी तेवढंच उरलं होतं. फोटोग्राफर घड्याळ पाहायला लागला.

मग मी उठले. पहिल्या रांगेतल्या पहिल्या मुलीसमोर उकिडवी बसले, तिची हनुवटी धरून मान हळूच सरळ केली आणि म्हटलं, "माझं चुकलं." ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी दुसरीपाशी सरकले.