टमाटरावरचा बिबा

जानराव रागावला की बाळापूरच्या त्या गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून दुसऱ्या ओट्यावर जाऊन बसत. सारी उमर एसटी चालवलेला माणूस. हॉर्न बिघडला तर खिडकीतून नुसतं ओरडून रस्त्यातले बैल बाजूला काढायचा. निवृत्त झाल्यावर तो आवाज घरात मावेना, म्हणून त्याने परसात टमाटर लावले. पण तिथेही वैर आलंच. अकोल्याच्या भाजीपाला प्रदर्शनात सगळ्यात मोठ्या टमाटराची ढाल दरसाल शेजारचा किसनराव आणायचा आणि ती नेमकी जानरावच्या परसाकडे उघडणाऱ्या आपल्या खिडकीत मांडायचा.

यंदा जानरावने जिद्दच धरली. एका झाडावर एकच फळ ठेवलं, बाकीची फुलं खुडली, बगलेतले कोंब मोडले. फळ जड झालं तेव्हा त्याच्या बायकोने, गोदाबाईने, जुन्या लुगड्याचा धडपा फाडून त्याला झोळी बांधून दिली. फळ तान्ह्या लेकराच्या डोक्याएवढं झालं. लोक बघायला येऊ लागले. एक दिवस किसनरावही आला, बराच वेळ उभा राहिला आणि छान हाय, एवढंच म्हणून निघून गेला.

प्रदर्शनाच्या सकाळी जानराव झोळी सोडायला गेला आणि थिजलाच. फळाच्या लाल गालावर काळा डाग. बोटाने पुसून पाहिला, तर साल पोळून आत बसलेली.

"हे कोनं केलं व?"

"म्या." गोदाबाई चुलीपासून उठली नाही. "बिब्याचा ठिपका लावला. काजळ पुसून जाते. किसनभाऊ छान म्हणून गेले, त्याइची नजर साऱ्या गावाले मालूम हाय."

"बिबा मानसाची चामडी जाळते, तो टमाटराले सोडन काय?"

"लेकराच्या कमरेले बांधतोच नं आपन? तुमी याले लेकरावानीच वाढोलं. मले वाटलं, याले बी लागते."

मग जानरावचं जे तोंड सुटलं ते काही मिटेना. मूर्तिजापूरला असलेल्या तिच्या माहेरचा तीन पिढ्यांपर्यंत उद्धार झाला. भांडी आपटली, चहा तसाच निवला. अखेर जानरावने टोपलीत कापूस पसरला, त्यात ते डागी फळ ठेवलं आणि तणतणत स्टँड गाठला. गोदाबाई न विचारता गाडीत त्याच्या शेजारी येऊन बसली. त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. तिकिटं मात्र दोन काढली.

अकोल्याला मांडवात परीक्षकाने डाग पाहताच फळ बाजूला सारलं. डागी फळ बाद, नियमच होता. जानराव म्हणाला, बाद करा, पण वजन तर करा. काट्यावर ते किसनरावच्या फळापेक्षा चांगलं पावभर जास्त भरलं. भोवती माणसं जमली. डाग कशाचा, असं कोणीतरी विचारलं, गोदाबाईने खरं ते सांगून टाकलं, आणि परीक्षकाने माइक हातात असतानाच हसून जाहीर केलं की आजीबाईंच्या अडाणीपणाने आजोबांची ढाल घालवली. मांडव हसला. किसनरावही हसला. गोदाबाईने पदर तोंडाला लावला.

जानराव उठला. त्याला माइक लागत नव्हता.

"नियम तुमचा हाय, करा बाद. पन तिच्यावर हासाचं नाही. तिले बोलाचा हक माहा हाय, अन् माहं अजून बोलून झालं नाही."

शेवटच्या खांबाजवळचा माणूसदेखील गप्प झाला. किसनराव खाली बघू लागला. जानरावने टोपली उचलली, बायकोला चाल म्हटलं, आणि राहिलेलं बोलणं परतीच्या गाडीत बाळापूर येईपर्यंत पुरवलं. कंडक्टरने एकदा मागे वळून पाहिलं, आवाज ओळखला आणि पुढे सरकला.

घरी त्याने फळ कापलं, बिया राखेत घोळून वाळवल्या.

पुढच्या हंगामात त्याच बियांची रोपं गुडघ्याएवढी झाली, तेव्हा त्याने काळ्या दोऱ्यात ओवलेला बिबा आणून गोदाबाईच्या पुढ्यात टाकला.

"खुट्याले बांध. फळाले हात लावला तं याद राख."

तिने तो किसनरावच्या खिडकीसमोरच्या खुंट्याला बांधला. जानराव बघत उभा होता. गाठ सैल हाय, म्हणून पुन्हा ओरडला.