झडतीवाली

आमच्या घरात नातवंडं अजून मोठ्या कौतुकाने माझी गोष्ट सांगतात, आजीने बाणेदारपणे नोकरी सोडली. परवा लग्नघरी जावईबापूंनीही चार माणसांत सांगितलं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! बाणेदारपणा कसला? घरी नवऱ्याचा रेल्वेतला पगार होता, म्हणून जमलं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. अमळनेरला एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी झडतीवाली होते. संध्याकाळी भोंगा झाला की यंत्रात कापूस घालणाऱ्या बाया एकेक करून फाटकाशी यायच्या. तिथे गोणपाटाचा पडदा होता. पडद्याआड मी त्यांचे ओचे, पदर चाचपायचे. कुणी रुई चोरून नेत नाही ना, हे बघायचं. आता मला सांगा, दिवसभर रुईत बसलेल्या बाईच्या केसांत, भुवयांत, नाकात रुईच असणार. पण नवा मॅनेजर आला आणि म्हणाला, माल जातो कुठे? नीट बघा.

मीही नीट बघायला लागले. माझंच चुकलं ते.

एक बाळंतीण होती. नवरा मेलेला, घरी म्हातारी सासू आणि चार महिन्यांचं पोर. त्या दिवशी तिच्या चोळीत माझ्या हाताला बोळा लागला. बाहेरून कारकून ओरडला, "सापडलं का काही?" आणि मी मूर्ख बाई, विचार न करता तो बोळा ओढून पडद्याबाहेर त्याच्या टेबलावर ठेवला. ठेवताना हाताला कळलं, ओला आहे. कोमट आहे.

कारकुनाने तो पेन्सिलीने उलटा केला. "वा! वजन वाढवायला पाणीसुद्धा मारलंय!"

फाटकावरचे पुरुष खो खो हसले. ती पडद्याबाहेर आली, मान खाली. कारकुनाला म्हणाली, "नाना, दूध शे ते."

मग तर विचारू नका, काय काय बोलले मेले. मॅनेजर बाहेर आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हुकूम सोडला, "उद्यापासून चोळीची गाठ सोडून झडती. सगळ्यांची."

मी म्हटलं, "साहेब, मी नाही करणार."

"मग घरी बसा. बायांना काय तोटा आहे?"

बसले घरी. नवरा म्हणाला, बरं केलंस. आळीतल्या बायांनी ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला आणि ती आमच्या दारावरून जिनाकडे निघालेली. मला वाटलं होतं, ही तर पाऊलही टाकणार नाही तिथे. मी धावत जाऊन तिचा दंड धरला. "लाज नाही वाटत तुला? परत तिथेच?"

ती रागावली नाही. तिने हळूच दंड सोडवला. "अक्का, तुना घरमा दुसरा कमावणारा शे. मना घरमा मीच शे."

आणि गेली.

आळीत तिला निलाजरी म्हणायचे. मी तोंड उघडलं नाही, कारण दारात उभी राहून मीच तो शब्द आधी तिच्या तोंडावर फेकला होता. तिची लाज मी टेबलावर ठेवली, शाबासकीही मीच घेतली, आणि रोज चोळीची गाठ सोडायला मात्र ती जायची. मॅनेजर म्हणायचा म्हणे, बाया खूश आहेत, एकही काम सोडून गेली नाही. खूश! त्याच्या डोळ्यांत कुणी मूठभर सरकी घातली असती तर बरं झालं असतं.

पुढे चैत्रात ती हौदावर भेटली. मी विचारलं, "आता झडती कोण घेतं गं?"

"शे एक." कळशी कमरेवर घेत ती म्हणाली, "तिना हात थंडा शेतस, अक्का. तुना गरम व्हतात."