केळीच्या बुडाशी पुरलेले केस

माझे केस लहानपणापासून मऊ, बारीक आणि कुरळे. रात्री तेल चोपडलं तरी सकाळी कोरडेच. माहेर घाटावर, नदीकाठी. आई शिकेकाईत मेथ्या भिजवून घालायची, जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत चोथा शेवटी डोक्याला चोळायची, आणि एवढ्यावर सगळं निभावायचं. कुणाच्या केसांना काय मानवेल हा विचार करायची गोष्ट असते, हे सतराव्या वर्षी लग्न होऊन वसईला येईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं.

स्वातंत्र्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. सासरची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. हे मुंबईला कचेरीत, तिथेच खोली घेऊन राहायचे आणि रविवारपुरते घरी यायचे. घरात सासूबाई, सासरे आणि मी. सासूबाईंचे केस सरळ, राठ, इतके तेलकट की फणीचे दातही चकाकायचे. दर शुक्रवारी न्हाणं. होळी झाली की विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं, त्यात रिठा फेस धरायचा नाही. म्हणून सासूबाई उकळत्या रिठ्यात धुण्याचा सोडा टाकायच्या. त्यांचे केस त्याने स्वच्छ, सुटसुटीत व्हायचे. माझे वाळल्या गवतासारखे व्हायचे.

तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारी फणीत केसांचा पुंजका आला. मग रोज यायला लागला. मी घाबरले. नव्या सुनेचे केस गळतात म्हटल्यावर लोक काय काय बोलतात ते मी माहेरी ऐकलं होतं. अंगात काही रोग असेल, तो लपवून पोरगी दिली असेल. ह्यांच्याजवळ मात्र एका रविवारी हळूच बोलले. पुढच्या खेपेला त्यांनी खिशातून एक चपटी बाटली काढली.

"शाम्पू म्हणतात ह्याला," ते म्हणाले. "दुकानदार विचारत होता, केस तेलकट आहेत की कोरडे?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"तेलकट. तू रोज तेल लावतेस की!"

मलाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. शुक्रवारी रिठ्याचं पाणी मोरीत ओतून दिलं आणि ती बाटली वापरली. त्या मचूळ पाण्यात शाम्पूचा फेस झाला नाही, चिकटा मात्र झाला. केस वाळल्यावर विंचरायला घेतले तर जागोजागी गाठी. ओढलं की तुटायचे. कानामागे बोटभर जागा उघडी पडली. मी पदर कपाळापर्यंत ओढून घ्यायला लागले आणि सासूबाईंना वाटलं, सून मर्यादेची आहे.

तुटलेल्या केसांचं काय करायचं हा रोजचा घोर. चुलीत टाकले तर घरभर वास. अंगणात टाकले तर दिसणार. शेवटी चोळीच्या फाटक्या तुकड्यात ते गुंडाळले, हाताशी गोंड्याचा लाल दोरा होता त्याने बांधले, आणि वाडीच्या टोकाला एका जुन्या केळीच्या बुडाशी पुरून आले. तो लाल दोरा पाहून कुणाला काय वाटेल, हे तेव्हा मनातही आलं नाही.

वैशाखात नणंद पहिल्या बाळंतपणाला आल्या. आठवा महिना. आल्यापासून त्यांना बारीक ताप, पायांवर सूज, खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं. सुईण रोज येऊन पोट चाचपून जायची आणि स्पष्ट काही बोलायची नाही. सासूबाईंचा जेवणातला घास हातातच राहायचा.

अशातच एका सकाळी वाडीत काम करणारी बाई अंगणात आली. खाजणाच्या, म्हणजे खाऱ्या दलदलीच्या, काठी तिची झोपडी होती. घड उतरवलेल्या केळीचे गड्डे खणायला ती यायची. तिच्या हातात मातीने माखलेली पुरचुंडी होती. लाल दोरा तेवढा उजळ दिसत होता.

सासूबाईंनी काडीने ती उलगडली. आत केस.

"कुठे मिळालं हे?"

"टोकाच्या केळीखाली. कुदळ मारली नि वर आला."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आधी नणंदेच्या खोलीकडे पाहिलं, मग त्या बाईकडे.

"माझी लेक आत पडून आहे आणि माझ्याच वाडीत करणी निघते. तुला बरी नेमकी तीच जागा सापडली!"

"आई, गड्डा खणायला तुमीच सांगलाव. मना काय ठाव?"

"पुरणाऱ्यालाच जागा माहीत असते."

सासऱ्यांनी टोपी चढवली. गोखिवऱ्याकडे एक भगत होता, त्याला घेऊन येतो म्हणाले. सासूबाईंनी त्या बाईला सांगितलं, "तो येईपर्यंत इथून हलायचं नाही. तोच सांगेल कुणी केलंय ते."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात तांदळाचं सूप. फाटक वाजलं, सासरे गेले, आणि मी बोलले नाही. आजही ते आठवलं की मान खाली जाते. ती बाई अंगणात उन्हात बसून राहिली. कुणी तिला सावलीत बस म्हणालं नाही. भगत आला की त्याला एक नाव सांगावंच लागणार, आणि समोर तीच बसलेली असणार, हे मला लख्ख कळत होतं. मी तांदूळ निवडत होते. निवडून झालेले पुन्हा निवडत होते. बोलले तर माहेरी पाठवतील, नाही बोलले तर ह्या बाईचं गावात राहणं मुश्कील होईल. तिने एकदाच माझ्याकडे मान वळवली आणि पाणी मागितलं.

मी तांब्या भरून तिच्या हातात दिला. तशीच वळले, सासूबाईंसमोर गेले आणि डोक्यावरचा पदर काढला.

"ते केस माझे आहेत. मीच पुरले."

मग त्यांनी मला खांद्याला धरून उजेडात ओढलं, केस बाजूला केले, कानामागची उघडी जागा बोटाने चाचपली. आता थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटले.

"कधीपासून?"

"होळीपासून. सोडा लागला की तुटतात. मग ह्यांनी बाटली आणली, त्याने आणखीच..."

"अगं, इतके दिवस तोंड शिवलं होतंस का?" त्यांचा आवाज चिरकला. पुढे काहीतरी बोलणार होत्या, पण फाटकाबाहेर सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. सासूबाई पदर खोचून जवळजवळ धावतच रस्त्यावर गेल्या. त्यांनी भगताला आत पाऊल टाकू दिलं नाही. हातात नारळ ठेवला, "गरज उरली नाही" एवढंच म्हणाल्या, आणि तो वळणाआड होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

परत आल्या तेव्हा अंगण रिकामं होतं. बाई कुदळ तिथेच टाकून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाई कुंपणापलीकडच्या ख्रिस्ती शेजारणीकडे गेल्या. तिच्या विहिरीचं पाणी बारमाही गोडं, पण आमच्या घरातल्या कुणी ते कधी मागितलं नव्हतं. "पिण्याला नको, सुनेच्या केसांना हवंय," असं त्यांनी सांगितल्याचं शेजारीण पुढे कित्येक वर्षं हसून सांगायची. तिने पाणी दिलंच, वर नारळाचं घट्ट दूध लाव म्हणून सुचवलं. "माझ्या धाकटीचे असेच कुरळे आहेत. साबण तर दाखवतसुद्धा नाही मी."

तेव्हापासून आमच्याकडे शुक्रवारी दोन पातेली चढायची. सासूबाईंचा रिठा वेगळा, माझी शिकेकाई वेगळी. कानामागची जागा पावसाळा सरेपर्यंत भरली, जरा विरळच. नणंदेची सूज सुईणीने मीठ बंद केल्यावर उतरली. दिवस भरून मुलगी झाली, किरकोळ पण धडधाकट.

ती बाई मात्र त्या प्रकारानंतर चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी सासूबाईंना सांगून मी तिच्या झोपडीवर गेले. ती दारात फाटकं जाळं तुणत बसलेल्या नवऱ्याजवळ उभी होती.

"माझ्यामुळे झालं सगळं. मी आधीच बोलायला हवं होतं," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू बोललीस तवा मी पानी पीत होते, बाय. ऐकला मी." मग जाळ्याचं टोक धरत म्हणाली, "पन आई मना काय नाय बोलली."

दोन दिवसांनी ती कामाला आली. सासूबाईंनी तिला चहा दिला, नवं लुगडं दिलं, पण चुकलं हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. ती पुढे बारा-तेरा वर्षं आमच्या वाडीत होती. गड्डा खणायचा असला की आधी घराकडे तोंड करून हाक मारायची, "कोन तरी या गो, बघायला!" मग मी हातातलं काम टाकून जायचे आणि तिची कुदळ वर येईपर्यंत शेजारी उभी राहायचे.