नसलेली चिंच आणि दाखवे नाना

दाखवे नानांच्या चाळीत खोली हवी असेल तर आधी गाव बघावं लागे. डिपॉझिट, आधार कार्ड, कंपनीचं ओळखपत्र हे सगळं नंतर. त्यांचं खरं आडनाव निराळं होतं, पण येईल त्याला हाताला धरून गाव दाखवायचे म्हणून भाडेकरूंनी हे बारसं केलं होतं. चाकणच्या अलीकडे, कारखान्यांच्या पाठीला पाठ लावून ते गाव आहे. नाव मी सांगत नाही, कारण नानांनाच ते आवडत नसे. "नाव ऐकून गाव कळतंय व्हय? चल, चपला घाल."

मी लातूरकडून आलो तेव्हा बायको चाकणच्या स्टँडवर दोन पेट्या आणि एक गादी घेऊन बसली होती, आणि तीनला माझी पहिली शिफ्ट होती. हे सगळं मी नानांना काकुळतीनं सांगितलं. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मग जरा झराझरा चालावं लागंल."

गावाची वेस अर्धी होती. उरलेली अर्धी एका ट्रकवाल्यानं गाडी मागे घेताना नेली होती. मारुतीशेजारी शेंदरानं माखलेली एक वीरगळ होती. आणि गावाचा सबंध इतिहास एका घोड्याचा होता. कुणा सरदाराची फौज चालली असता त्याचा घोडा या वेशीत अडला. "आन् घोडा अडला," एवढं म्हणून नाना दोनदा खोकत, मग पुढचं सांगत. का अडला, असं मी विचारलं. "गाव आवडलं त्याला," नाना म्हणाले. तेव्हा नानांच्या सांगण्यात फौजेचा मुक्काम एका रात्रीचा होता. मी चाळ सोडली तोवर तो आठ दिवसांवर गेला होता.

शेवटी परीक्षा असे. "वेशीला कमानी किती?"

"एक," मी म्हणालो.

"अर्धी! चल पुन्यांदा."

दुसऱ्या फेरीत नाना मला एका मोबाइल टॉवरपाशी घेऊन गेले. पहिल्या फेरीत घाई म्हणून हे गाळलं होतं म्हणे. टॉवरकडे बोट करून अभिमानानं म्हणाले, "ही चिंच." तिथे झाडाचं पानही नव्हतं. आधीचे बरेच जण इथेच "कुठाय?" असं विचारून खोलीला मुकले होते, हे मला मागाहून कळलं. मला डोळ्यांपुढे स्टँडवर गादीवर बसलेली बायको दिसत होती. डोकं चालेना, तोंडाला आलं ते बोललो, "केवढी होती हो?"

नानांचा चेहरा असा काही फुलला! त्यांनी दोन्ही हात पसरले, पण तेवढ्यानं समाधान होईना. मग मला रस्त्यापलीकडे पिटाळलं. "तू लांब हुबा राहा. अजून मागं! हितनं तितवर सावली व्हती!" मागे सरकता सरकता मी कुणाच्या तरी म्हशीवर आदळलो. खोली मिळाली. शिफ्टला पाऊण तास उशीर झाला आणि सुपरवायझरनं कारण विचारलं, तेव्हा चिंच बघत होतो असं खरं तेच सांगितलं. त्यानंतर कंपनीत माझं नाव चिंच पडलं ते पडलंच.

मग रस्ता रुंद व्हायची टूम निघाली आणि एक दिवस अर्ध्या वेशीवर लाल फुली उमटली. नानांचं जेवण तुटलं. "चिंच गेली, बारव बुजली. आता एवढं एकच उभं हाय रे," म्हणत ते वेशीखाली बसून राहत. मोजणीचे साहेब आले तेव्हा नानांनी त्यांनाही हाताला धरलं. साहेब चांगले होते, पण म्हणाले, "आजोबा, याला कागदोपत्री काही आधार आहे का?"

कागद कुठला असणार! सकाळची शिफ्ट नुकतीच सुटली होती, आम्ही भाडेकरू भोवती जमलो होतो. साहेबांनी आमच्यातल्याच एकाला विचारलं. तो नांदेडचा, पण गावाचा इतिहास घडाघडा बोलायला लागला. मग रत्नागिरीचा बोलला. मग बिहारचा एक वेल्डर, नानांच्याच भाषेत, "हितं सरदार आलता, आन् घोडा अडला." आणि इथे आम्ही सगळेच्या सगळे दोनदा खोकलो.

साहेब दचकले. "सगळ्यांना खोकला कसला झालाय?"

तो इतिहासातलाच आहे अशी आमची समजूत होती. साहेब इतके हसले की त्यांना वेशीच्याच पायरीवर बसवून पाणी द्यावं लागलं. पण रस्त्याची रेघ दोन हात सरकली. वेस आज दुभाजकात उभी आहे आणि तिच्यावर 'वाहने सावकाश चालवा' असा बोर्ड आहे. नाना म्हणायचे, घोड्याला हे आधीच कळलं होतं.

पुढे पाय थकले तसं मुलानं नानांना निगडीला फ्लॅटवर नेलं. मी भेटायला गेलो तर गॅलरीत शेजाऱ्यांना उभं करून ढगाकडे बोट दाखवत होते, "त्याच्या बरोब्बर खाली आमचं गाव." त्याच वर्षी ते गेले. मी त्यांचा कुणी नव्हतो, पण बापाला रडावं तसा रडलो.

मागच्या महिन्यात माझा मेहुणा नोकरीसाठी आला. त्याला मारुंजीत खोली बघायची होती. मी म्हणालो, आधी गाव बघू. चाळीच्या जागी आता उंच सोसायटी आहे आणि नानांच्या ओट्याच्या जागी वॉचमनची केबिन. वेस झाली, वीरगळ झाली, मग मी त्या केबिनकडे बोट करून म्हणालो, "हे दाखवे नाना."

मेहुणा केबिन वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागला. आतला वॉचमनही बिचारा उठून उभा राहिला. आता हा "कुठायत?" म्हणणार, म्हणून मी जीव मुठीत धरला.

"केवढे होते हो, दाजी?" त्यानं विचारलं.

मी दोन्ही हात पसरले. पुरेनात.

"तू लांब हुबा राहा," मी म्हणालो. "अजून मागं."