भडगावचे आबा आणि एक डबी

जळगावच्या एका दवाखान्यात मी प्रोस्टेटच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी लघवीचे नमुने गोळा करत होते. बाकावरची म्हातारी मंडळी माझ्यासारख्या मुलीच्या हातात डबी द्यायला लाजत होती. एकाने तर ती टोपीखाली झाकली होती. तेवढ्यात भडगावचे एक आबा उठले. भरलेली डबी माझ्या टेबलावर टक्कन ठेवून ते बाकावरच्या सगळ्यांकडे वळले. "काय लाजी राहिनात रे बठ्ठा? डेअरीमा दूध घालतांना लाजतस का?"

हशा पिकला आणि डब्या येऊ लागल्या.

"यामा काय सापडस?" त्यांनी मला विचारलं.

"शरीरातल्या पेशी बारीक पुड्या बाहेर सोडतात, आबा. एक्सोसोम म्हणतात त्यांना. त्यांतल्या प्रथिनांवरून कॅन्सर ओळखता येतो का, ते बघतोय."

"म्हणजे मना आंगनी खबर बाहेर जास, आन माले पत्ताच नही!"

दुसऱ्या दिवशी कॅन्सर तपासायला डॉक्टर सुईने त्यांच्या प्रोस्टेटचा बारीक तुकडा काढणार होते. त्यांनी आवाज खाली आणला. "मंग मनी सुई टळी का?"

"तुमची नाही टळणार, आबा. हे जमलं तर पुढच्यांची टळेल, कदाचित."

त्यांनी बाकाकडे पाहिलं.

"मंग आखो एक डबी दे," ते म्हणाले. "मी चहा पीसन येस."