फणसाची पेटी

त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. रत्नागिरीच्या बाजारात एका शिंप्याच्या ओट्यावर बसून तो घरी केलेल्या वाद्यांसाठी चित्रं नि नावं रंगवायचा. कागदावर सगळं उलटं काढायचा; ओला कागद लाकडावर दाबून अलगद सोलला, की रंग सुलटा उतरायचा. तेवढा वेळ तो श्वास रोखून धरी.

वडिलांनी घरामागच्या परड्यात लावलेला फणस वादळात पडला, त्याच्या फळ्यांची मी बाजाची पेटी केली. भजनात घरगुती पेटीला हसतील, म्हणून त्याला म्हटलं, "यावर 'जर्मनी' लिहा."

"जर्मनीवाल्यान कधी फणस बघितलान काय हो?" फळीवर टिचकी मारत तो म्हणाला. "घरात वाचणारा कोण?"

"मी एकटाच. आईला अक्षर येत नाही."

"मग लिहायचं कोणासाठी?"

मला रागच आला. पेटी माझी, हा कोण विचारणारा? तरी ठेवून आलो. संध्याकाळी पाहतो तर अक्षर एकही नाही. बुंध्याला लगडलेले फणस तेवढे रंगवलेले.

झाड पडल्यापासून आई परड्यात गेली नव्हती. तिनं त्या चित्रावरून हळूच हात फिरवला आणि विचारलं, "ह्यांचा फणस त्यान कधी बघितलान रे?"