भेग कुठपर्यंत आली?

माझा धाकटा भाऊ गाड्यांचा मेकॅनिक. अंटार्क्टिकातल्या संशोधन तळावर वर्षभरासाठी त्याची निवड झाली, तेव्हा कोपरीच्या घरात सगळ्यात जास्त हरखले ते बाबा. त्यांनी जन्मभर खोपटच्या डेपोत एसटीची इंजिनं खोललेली. आता मुलगा बर्फावरच्या गाड्या सांभाळणार होता.

रविवारी मी डोंबिवलीहून कोपरीला जायचे आणि भावाला व्हिडिओ कॉल लावून द्यायचे. तो खिडकीतून समोरची हिमनदी दाखवायचा.

"ही सरकते, बाबा. जमिनीवरून हळूहळू समुद्रात उतरते. टोक पाण्यावर तरंगतं. भरतीला उचललं जातं, ओहोटीला खाली बसतं. असं होत होत भेगा वाढतात. एखादी आरपार गेली की पुढचा अख्खा तुकडा सुटतो."

"केवढा?"

"आपलं कोपरी मावेल एवढा."

आजोबा मिठागरात कामाला होते, त्यामुळे बाबांचा पुढचा प्रश्न ठरलेला. "मग तो बर्फ खारट?"

"नाही हो, आभाळातून पडलेलाच बर्फ तो. गोड्या पाण्याचा."

हे बाबा खालच्या वाण्यालाही सांगून आले. हिमनदीच्या टोकावरच्या एका मोठ्या भेगेवर भावाचं लक्ष होतं. मग दर रविवारी, जेवलास का विचारायच्या आधी बाबा विचारायचे, "भेग कुठपर्यंत आली?"

जुलैत बाबांना अटॅक आला. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. अंटार्क्टिकात तेव्हा ऐन हिवाळा. समुद्र गोठलेला, जहाज नाही, विमान नाही. भावाला निघताच येणार नव्हतं. काकांनी अग्नी दिला. मी मोबाइल धरून उभी होते.

"ताई, जरा जवळ धर ना. चेहरा दिसत नाहीये."

चेहऱ्यावर तोवर लाकडं आली होती. मी हात पुढे केला, एवढंच.

गणपती झाल्यावर एका दुपारी त्याचा ऑफिसात फोन आला.

"ताई, तुकडा सुटला. आधी आवाज आला. मला वाटलं, जनरेटर गेला. बाहेर धावलो तर पुढची सगळी कड बाजूला झालेली, मध्ये काळं पाणी. कोसळलं काहीच नाही गं. नुसता वेगळा झाला." मग म्हणाला, "मी आधी बाबांनाच फोन लावलेला. रिंग वाजत राहिली, तेव्हा कळलं."

बाबांचा मोबाइल आई रोज चार्ज करून ठेवायची. संध्याकाळी मी कोपरीला गेले, तर ती तो हातात घेऊन बसली होती.

"त्याचं नाव आलेलं यावर," ती म्हणाली. "उचलला असता, तर माझा आवाज ऐकून त्याला कसं झालं असतं?"

तिकडचा उन्हाळा लागल्यावर जहाजाने तो परतला. बाबांच्या फोटोसमोर बराच वेळ बसला, रडला नाही. आठवड्याने आईनेच त्याच्याकडे तो तुकडा बघायला मागितला. परतताना जहाज त्या तुकड्याच्या शेजारून गेलं, तेव्हा त्याने व्हिडिओ काढला होता. मैदानासारखा सपाट, कडा सरळ कापलेल्या, खाली निळसर. आईने व्हिडिओ दोनदा बघितला.

"वर कुणी राहतं का रे?"

"पेंग्विन बसतात कधीकधी."

"बरं," ती म्हणाली, आणि कुकर लावायला उठली.